दम्याचं औषध होत आलंय

पीएच.डी. करणाऱ्या माणसाला "कुठवर आलं?" असं विचारायला बंदी घालणारा कायदा हवा, असं निरंजन शेडगेचं ठाम मत होतं. हा प्रश्न त्याला कॉलेजातला शिपाई विचारायचा, मारुंजीच्या सोसायटीतला शेजारी शेखर विचारायचा, सासरे तर फोन उचलल्या उचलल्या विचारायचे. मनातल्या मनात निरंजनने या लोकांना दिलेल्या शिक्षा इथे लिहिण्यासारख्या नाहीत. वरकरणी मात्र तो हसून सगळ्यांना एकच उत्तर द्यायचा, "होत आलंय." त्यात खोटं काही नव्हतं. पीएच.डी. ही गोष्ट पहिल्या दिवसापासून होतच आलेली असते.

हिंजवडीजवळच्या एका फार्मसी कॉलेजात तो शिकवायचा आणि भारंगीवर संशोधन करायचा. भारंगी म्हणजे मुळशीच्या डोंगरउतारांवर पावसाळ्यात फुटणारं कमरेएवढं झुडूप. वैद्यमंडळी तिला पिढ्यान्‌पिढ्या दम्या-खोकल्यावर देत आली. तिच्या पाना-मुळांत असं काय आहे, त्याने श्वासनलिकांची सूज खरंच उतरते का, उतरत असेल तर कशामुळे, हे निरंजनला शोधायचं होतं. प्रगती म्हणाल तर काचेच्या बशीतल्या पेशींपर्यंत पोचली होती. त्या पेशींना भारंगीचा अर्क बरा मानवला होता. आता उंदरांची पाळी होती.

आणि खरा दमा होता तो गावाकडे, त्याच्या आईच्या छातीत.

गोजराबाई मुठा खोऱ्यातल्या घरी एकट्या राहायच्या. मारुंजीच्या फ्लॅटमध्ये त्यांचा जीव रमायचा नाही. पौडच्या डॉक्टरांनी त्यांना दोन पंप लिहून दिले होते, एक रोज सकाळ-संध्याकाळ ओढायचा आणि एक दम लागला की. दोन्ही पंप त्यांनी खोक्यासकट देवघरात ठेवले होते. रोज त्यांना हळदीकुंकू लागायचं, पण ते गोजराबाईंच्या तोंडाला काही लागत नव्हते.

"आई, अगं ते ओढायचे असतात," निरंजन दर शनिवारी सांगायचा.

"सवय लागती त्याची. एकदा धरला की सुटत न्हाई."

"अशी सवयबिवय काही लागत नाही. डॉक्टर सांगतात ना?"

"त्यांचं काय जातंय सांगायला! आन तू औषध करतुयास की. कुटवर आलं?"

"होत आलंय," निरंजनच्या तोंडून निघून जायचं.

"मग झालं तर. पोरगा दम्याचं औषध करतोय आन आई बाजारातला पंप ओढती, शोभतं का ते?"

एकदा निरंजनने खाली बसून शास्त्र समजावून सांगितलं. आधी पेशी, मग उंदीर, मग कुठे माणूस. गोजराबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे उंदरांस्नी आदी, आन आईला मागनं?" या प्रश्नाला जगातल्या कुठल्याही संशोधन पत्रिकेत उत्तर छापलेलं नाही.

पुढच्या प्रयोगासाठी ताजी भारंगी हवी होती. बाजारातल्या पुड्यांत भारंगी सोडून सगळं असतं. गाइड मॅडमनी सांगितलं, गावातून आणा, पण गावच्या जैवविविधता समितीचं संमतिपत्र जोडा, नाहीतर कॉलेजची कमिटी अडकवेल. अशी समिती आपल्या गावात आहे का, हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. बरीच शोधाशोध झाल्यावर कळलं की समिती कागदावर आहे आणि तिचे अध्यक्ष आहेत हैबतराव, म्हणजे निरंजनचे सख्खे चुलते.

"मी अध्यक्ष?" हैबतराव ओट्यावर एकदम ताठ बसले. "आन इतकी वर्सं मला कुनी सांगितलं न्हाई?"

हे त्यांना सांगितलं ही निरंजनची चूक. चुलते म्हणून त्यांनी चहा पिता पिता सही ठोकली असती. अध्यक्ष म्हटल्यावर सहीला वजन आलं. बैठक घ्यावी लागेल, म्हणाले. सभासद हुडकावे लागले. त्यातले एक वारले होते, दुसरे जमीन विकून महाळुंग्याला चौदाव्या मजल्यावर राहायला गेले होते आणि न्यायला गाडी आल्याशिवाय येणार नव्हते. गाडी घेऊन अर्थातच निरंजन गेला. शिक्का नव्हता, तो करून आणला. शिक्क्यात 'जैवविविधता'मधला एक 'वि' गळला होता, तो परत करून आणला. मग ग्रामसेवक म्हणाले की अशा पत्राचा नमुनाच वरून आलेला नाही, आणि नमुना नसलेल्या पत्राला जावक क्रमांक देता येत नाही. निरंजनने नमुना स्वतः टाइप करून दिला. त्यावर ग्रामसेवक म्हणाले, हाच तर हवा होता, कुठे मिळाला?

बैठकीला अख्खं गाव लोटलं, कारण हैबतरावांनी भजी सांगितली होती. "तर मग निरंजन, नेमकं काय करनार हाईस ते सांग सभेला," अध्यक्ष म्हणाले.

निरंजन उभा राहिला. "भारंगीतले काही घटक दम्यासारख्या दाहजन्य विकारांत पुढेमागे उपयुक्त ठरू शकतील का, याचा हा प्राथमिक अभ्यास आहे."

या वाक्यातलं 'शकतील का', 'पुढेमागे' आणि 'प्राथमिक' एवढं गाळून उरलेलं वाक्य गावाने घरी नेलं. निरंजननं दम्यावर औषध काढलंय. औषध हा शब्द त्याने उच्चारलासुद्धा नव्हता, पण भज्यांच्या तेलात तोही कुठेतरी तळून निघाला असावा.

संमतिपत्र हातात आल्यावर निरंजनने घरामागच्या बांधावरची चांगली चांगली झुडपं निवडली आणि प्रत्येकाला प्लॅस्टिकची चिठ्ठी बांधली. पानं अजून कोवळी होती, ती जून व्हायला दोन-तीन आठवडे द्यायला हवे होते. पुढे परीक्षांचे पेपर आले आणि त्याला एक शनिवार चुकवावा लागला. तो गावी आला तेव्हा गोजराबाईंनी त्याला आधी जेवायला बसवलं. नाचणीची भाकरी आणि हरभऱ्याची डाळ घालून केलेली पालेभाजी. किंचित कडसर, लसणाची खमंग फोडणी. निरंजनने तीनदा मागून घेतली.

"कसली गं भाजी?"

"भारंगीची. मागल्या बांधावरची हाय."

निरंजनचा घास हातातच राहिला. "चिठ्ठ्या बांधलेल्या झुडपांची?"

"मग! तू खुणा करून गेला हुतास. म्हटलं, पोराला ह्याच झुडपांची भाजी खायाची हाय. दुसऱ्या कुनाला हात लावू दिला न्हाई मी. वाईच निबर व्हायला लागली हुती, म्हणून सगळी खुडून घेतली." आणि मग मायेने, "तुज्या चिठ्ठ्या धुवून ठेवल्यात."

एका संशोधकाने स्वतःचा सगळा नमुना तीन वाढण्यांत संपवल्याचं हे बहुधा पहिलंच उदाहरण असेल. निरंजनला आईवर ओरडावंसं वाटलं, पण भाजी इतकी चांगली झाली होती की ओरडायला तोंड नव्हतं.

बांधावरची चिठ्ठ्या नसलेली उरलीसुरली झुडपं शेजारच्या सुंदराच्या शेळ्यांनी आटोपली होती. ही सुंदरा तोंडाने फटकळ. निरंजन तक्रार घेऊन गेला तर तिनेच त्याला ऐकवलं.

"दादा, राग नगा धरू. पर आमची भुरी शेळी पावसाळाभर ठसकत हुती. तुमचा पाला खाल्ला आन खोकला गेला की वो!"

"अहो, पाऊस उघडला म्हणून थांबला असेल."

"आसंल. पर पाला खाल्ल्यावरच थांबला न्हवं?"

संध्याकाळपर्यंत गावात औषधाची चाचणी यशस्वी झाली होती.

झक मारत निरंजनने वरच्या डोंगरावरून पोतंभर भारंगी तोडून आणली. ती सावलीत वाळवायला हवी होती. गावी ठेवली तर भाजी होण्याचा धोका, म्हणून मारुंजीच्या फ्लॅटच्या बाल्कनीत पसरली. दुसऱ्याच दिवशी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या बाल्कनीचा फोटो पडला. खाली लिहिलं होतं, 'इज धिस लीगल?' त्याखाली बत्तीस प्रश्नचिन्हं. शेजारचा शेखर दारात आला, आत वाकून पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, "निरंजन, पगारात भागत नाहीये का? माझ्याशी बोलायचं ना यार."

गांजा नाही, भारंगी आहे हे कळल्यावर शेखरची चिंता मिटली आणि सल्ले सुरू झाले. त्याच्या मावसभावाचा दमा गरम पाण्यात लिंबू पिळून गेला होता. आत्याचा मासा गिळून. खुद्द शेखरला दमा नव्हता, पण तो होऊ नये म्हणून तो रोज अनुलोम-विलोम करायचा आणि निरंजनने हे संशोधन बिशोधन सोडून भारंगीच्या चघळायच्या गोळ्यांचा, म्हणजे गमीजचा, स्टार्टअप काढावा असं त्याचं प्रामाणिक मत होतं. सोसायटीने नोटीस काढली की बाल्कनीत कपड्यांखेरीज काहीही वाळत घालू नये. निरंजनने पाला बेडरूममध्ये घेतला. शुभांगी, त्याची बायको, एका आयटी कंपनीत रात्रीचे कॉल घ्यायची आणि दिवसा झोपायची. तिने पाल्यातून उशी शोधून काढली आणि विचारलं, "हे अजून किती दिवस?"

"होत आलंय."

"निरंजन, तू माझ्या मिक्सरमध्ये हा पाला वाटलायस. काल खोबऱ्याची चटणी कडू झाली. मी एका शब्दाने बोलले नाही. पण त्या आईंचं बघ आधी. काल फोनवर एक वाक्य पुरं बोलताना तीनदा थांबल्या. तू बशीतल्या पेशी वाचवत बस."

हे वाक्य निरंजनला लागलं. तो दुसऱ्या दिवशी रजा टाकून गावी गेला, देवघरातला पंप काढून आईच्या हातात दिला, रागावला, विनवण्या केल्या, शेवटी जेवणार नाही म्हणून बसला. गोजराबाईंनी त्याच्यासमोर ताट ठेवलं आणि त्या स्वतःही न जेवता बसल्या. तासाभराने दोघेही जेवले आणि पंप देवघरात परत गेला.

अशात दिवाळी झाली आणि थंडी पडली. एके सकाळी गाइड मॅडमचा मेसेज आला. 'अभिनंदन. प्रबंध न लिहिता डॉक्टर झालात, पद्धत आम्हालाही कळवा.' खाली एक फोटो. गावच्या चौकातला फ्लेक्स होता. 'दम्यावर रामबाण औषध शोधणारे मुळशीचे सुपुत्र डॉ. निरंजन शेडगे यांचा भव्य नागरी सत्कार.' निरंजनचा फोटो त्याच्या लग्नातला होता. मुंडावळ्या पुसायचा प्रयत्न केलेला दिसत होता, त्यामुळे कपाळाला जखम झाल्यासारखं वाटत होतं. त्याच्या दुप्पट आकाराचा फोटो निमंत्रक हैबतराव यांचा होता. पंचायतीची निवडणूक तोंडावर आली होती.

निरंजनने चुलत्यांना फोन लावला. "आप्पा, हे काय आहे? मी डॉक्टर नाही, औषध नाही, रामबाण तर नाहीच नाही! आत्ताच्या आत्ता उतरवा तो फ्लेक्स."

"आरं, मंडपवाल्याला सुपारी दिलीय. आन तुजी आय कालपास्नं नवं लुगडं काढून बसलीय. तिला तू सांग, सत्कार न्हाई म्हणून."

निरंजनने सांगितलं नाही. आपण जाऊ, मुकाट शाल घेऊ आणि दोन शब्दांत सगळा गैरसमज दूर करू, असा त्याने बेत केला. गावच्या घरून मंडपाकडे निघताना देवघरातला दम लागल्यावरचा पंप आणि त्याची प्लॅस्टिकची नळी तेवढी त्याने खिशात घातली.

सत्काराला खोऱ्यातून माणसं आली होती. निम्मी खोकत होती. स्टेजच्या पायरीशीच एका आजोबांनी निरंजनचा हात धरून छातीला लावला आणि "ऐक, कशी वाजती," असं म्हटलं. हैबतरावांनी दिवाळीतले उरलेले फटाके राखून ठेवले होते. निरंजन स्टेजवर चढताच दहा हजारांची माळ लागली. त्यात कुणीतरी हौसेने धुपाटणं पेटवून आणलं आणि सत्कारमूर्तीच्या मातोश्री म्हणून नेमकं स्टेजवरच्या गोजराबाईंच्या खुर्चीसमोर ठेवलं. दम्याच्या औषधाचा सत्कार हा असा धुराच्या ढगात सुरू झाला.

शाल झाली, नारळ झाला, फेटा कानावर आला. हैबतरावांचं भाषण चालू असताना निरंजनने आईकडे पाहिलं. त्या खुर्चीच्या कडेवर पुढे वाकून बसल्या होत्या, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून. खांदे वर-खाली होत होते. चेहऱ्यावर हसू होतं, पण ओठांचा रंग उतरला होता.

निरंजनने धुपाटणं लाथेने स्टेजखाली ढकललं आणि गुडघ्यावर बसून नळी पुढे केली. "आई, ओढ."

गोजराबाईंनी मान हलवली. त्यांना बोलायला एका वेळी एकच शब्द पुरत होता. "लोकं... बगत्यात..."

"बघू देत!"

"तुजं... औषध... आसताना... आईनं... पंप..."

आपल्या इभ्रतीसाठी ही बाई इथे, आपल्यासमोर, गुदमरून जायला तयार होती. तो उठला आणि त्याने हैबतरावांच्या हातातला माइक हिसकावला.

"माझं काही औषध नाही!" लाउडस्पीकर किंचाळला. "ऐका सगळ्यांनी! मी कसलंही औषध शोधलेलं नाही. मी डॉक्टर नाही. बशीतल्या पेशींपुढे माझं काही गेलेलं नाही. सुंदरावहिनींच्या शेळीचा खोकला आपोआप गेला. आणि ही माझी आई माझ्या थापेपायी जीव देतेय!"

स्टेजवर निरंजन खाली बसला. त्याचा फेटा गळ्यात आला होता आणि तो रडत होता, हे त्याला नंतर व्हिडिओत दिसलं. "आता गेली ना माझी अब्रू? झालं ना? ओढ आता."

गोजराबाईंनी त्याच्याकडे रागाने पाहिलं आणि नळी तोंडात धरली. निरंजनने पंप दाबला. थांबून पुन्हा दाबला. मग आणखी. सगळा मंडप त्यांच्याबरोबर श्वास घेत होता. हळूहळू छातीतली शिट्टी बारीक झाली, खांदे खाली आले, गोजराबाईंनी एक लांब श्वास घेतला आणि पदराने तोंड पुसलं.

हैबतरावांनी माइक उचलला.

"बगितलं मंडळी? डोळ्यांम्होरं गुण! आन एवढं करून म्हणतोय कसा, मी काय केलं न्हाई! आसला बिनगर्वाचा मानूस मी जन्मात बगितला न्हाई. टाळ्या!"

टाळ्यांचा जो कडकडाट झाला त्यात निरंजनचं "अहो, नाही हो! तो पंप दुकानात मिळतो!" हे कुणालाही ऐकू गेलं नाही. तसाच तो आईला गाडीत घालून पौडला घेऊन गेला. डॉक्टरांनी वाफ दिली, तपासलं आणि घरी सोडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याच डॉक्टरांचा फोन आला. "शेडगे, तुम्ही काल गावात काय सांगितलंत? दवाखान्याबाहेर रांग लागलीय. सगळ्यांना निरंजनचा पंप हवाय. ज्यांना वर्षानुवर्षं हातापाया पडून सांगतोय तेसुद्धा आलेत!" निरंजनने कपाळावर हात मारला. दमा या रोगाशी इतकी वर्षं झुंजून त्याने दिलेलं एकमेव योगदान हे, आणि ते प्रबंधात लिहायची सोय नव्हती.

गोजराबाई ओट्यावर उन्हाला बसल्या होत्या. निरंजन जवळ जाऊन बसला.

"खरंच काय न्हाई का रं औषध?" त्यांनी विचारलं.

"नाही गं."

"मग कदी हुनार?"

निरंजनच्या जिभेवर आलेलं उत्तर त्याने गिळलं. "दहा वर्षं लागतील. पंधराही लागतील. कदाचित काहीच निघणार नाही, आई. बहुतेक वेळा नाहीच निघत."

गोजराबाई त्याच्याकडे वळल्या आणि असा संताप त्याने त्यांच्या चेहऱ्यावर कधी पाहिला नव्हता.

"धा वर्सं? आन ह्ये मला आता सांगतुयास? मला वाटलं, दसऱ्याला हुईल, न्हाई तर शिमग्याला. म्हटलं, एवढ्या-तेवढ्यासाटी कशाला पंपाची सवय लावून घ्यायाची. दम काढत बसले हिकडं." त्यांनी हात पुढे केला. "आन तो. रोजचा कोन्ता म्हनलास?"

निरंजनने धावत जाऊन देवघरातून रोजचा पंप आणला, त्यावरची हळद पुसली आणि तो कसा ओढायचा ते दाखवलं. वर्गात तो हे दरवर्षी दाखवायचा. आज त्याने ते दोनदा दाखवलं.

गोजराबाईंनी श्वास आत घेतला, रोखला, सोडला. "धा वर्सं जगाया पायजे म्हंजे मला," त्या पंपाकडे पाहत म्हणाल्या. "तुजं औषध आलं आन घ्यायाला मीच न्हाई, मग तुला काय वाटंल?"

हा पंप ओढल्यावर चूळ भरावी लागते, म्हणून निरंजन पाण्याचा तांब्या आणायला आत गेला आणि माठापाशी जरा वेळ तसाच उभा राहिला.